श्वानांचा निरामिष आहार : ग्रंथांतील व व्यवहारांतील कांहीं पुरावा

कुत्र्यास धान्यावर व दुधावर पोसावें कीं मांसावर, असा एक वाद अलीकडे पाळीव जनावरांच्या हौसेबरोबर बराच वाढला आहे. मांसाबरोबर दूध, तूप, अंडें व मध हेंहि वर्ज्य मानणारा जो व्हीगन पंथ इ. स. १९४४ च्या नोव्हेंबरांत इंग्लंडांत संघटित झाला, त्याच्या अनुयायांपैकीं पुष्कळांनीं आपला नियम घरच्या कुत्र्यासहि लागू केला, आणि तेव्हांपासून या वादास विशेष धार आली. वादाचा वैद्यकीय भाग पशुवैद्यांचा आहे. त्याचा निकाल या पृष्ठांत लागावयाचा नाहीं. परंतु दोन्ही पक्ष इतिहासाची साक्ष काढतात. एक म्हणतो, कुत्रा हा लांडग्याचा वंशज, त्यास मांसच योग्य, धान्य घालणें ही आजची टूम होय. दुसरा म्हणतो, हिंदुस्थानांत ऋषिकाळापासून कुत्र्यास अन्नाचा घांसच घालीत आले आहेत, मांस घालण्याची चाल परकीयांची. साक्ष काढली कीं साक्षीदाराची उलटतपासणी ओघानेंच आली, आणि तें काम मात्र जुन्या ग्रंथांचे व कागदपत्रांचे अभ्यासक म्हणून आपलें आहे.

दुसऱ्या पक्षाचा पहिला साक्षीदार म्हणजे वैश्वदेवांतील बलि. गृहस्थानें भोजनापूर्वीं कुत्रे, पतित, श्वपच, पापरोगी, कावळे व कृमि यांच्यासाठीं अन्न हळूच भूमीवर ठेवावें, असें मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत सांगितलें आहे. यमाच्या मार्गावरील दोन चतुरक्ष श्वान तर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतच भेटतात, आणि गृह्यकर्मांतील श्वानबलीचा संबंध त्यांच्याशीं जोडलेला आहे. गोग्रास, काकबळी व कुत्र्याची शेवटची पोळी हे आचार महाराष्ट्रांतील घराघरांत या परंपरेनेंच चालत आले. तथापि या पुराव्याचें मोल जपून ठरविलें पाहिजे. बलि हा दात्याच्या धर्माचा भाग आहे, भोक्त्याच्या पोषणाचा नव्हे. मूठभर अन्न ठेवणाऱ्या गृहस्थास तें खाऊन कुत्रा दिवसभर जगेल अशी अपेक्षाच नव्हती. कुत्रा उरलेला दिवस गांवाबाहेर काय खात असे, हें स्मृतिकारांस पुरेपूर ठाऊक होतें व म्हणूनच त्यांनीं त्याचा स्पर्श निषिद्ध मानला. तेव्हां वैश्वदेवावरून श्वानांचा निरामिष आहार सिद्ध करूं पाहणें म्हणजे काकबळीवरून कावळ्यास शाकाहारी ठरविण्यासारखें आहे.

हीच गोष्ट संतचरित्रांतील कथांची. कुत्र्यानें भाकरी पळविली व नामदेव तुपाची वाटी घेऊन त्यामागें धांवले, ही कथा महाराष्ट्रांत लहानथोरांस ठाऊक आहे. तिचा विषय सर्वांभूतीं देव पाहणें हा आहे, कुत्र्याचा आहार हा नव्हे. मात्र कुत्र्यानें भाकरीवर झडप घालावी यांत श्रोत्यांस कांहींहि नवल वाटत नव्हतें, एवढा लोकव्यवहार तिच्यांतून निःसंशय निघतो. जेजुरीच्या खंडोबाचें वाहन घोडा व सोबती कुत्रा. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस वांग्याचें भरीत व बाजरीचा रोडगा यांचा जो नैवेद्य होतो, त्यांतील वांटा कुत्र्यासहि मिळतो, आणि देवाचे कुत्रे म्हणविणारे वाघे कोटंब्यांतील प्रसाद खातात. तेथेंहि हा मान आहे, शिधा नव्हे.

शिधा म्हणावा असा पहिला स्पष्ट उल्लेख कौटिलीय अर्थशास्त्रांत सांपडतो, व तो या विषयांतील सर्वांत मोलाचा होय. हा ग्रंथ शतकानुशतकें केवळ नांवानें माहीत होता. तंजावरकडील एका पंडितानें म्हैसूरच्या प्राच्यग्रंथालयास दिलेल्या ताडपत्रीय पोथीवरून शामशास्त्र्यांनीं तो इ. स. १९०९ मध्यें छापला; पुढें त्रिवेंद्रमहून गणपतिशास्त्र्यांची सटीक आवृत्ति निघाली, आणि १९६० मध्यें मुंबई विद्यापीठातर्फें रा. प. कंगले यांची चिकित्सक संहिता प्रसिद्ध झाली. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत कोष्ठागाराध्यक्षाचें प्रकरण आहे. सरकारी कोठारांतून कोणास किती धान्य द्यावें याचे दर तेथें बांधून दिले आहेत. प्रथम माणसांचे: आर्य पुरुषास एका भोजनास प्रस्थभर तांदूळ, त्याच्या चतुर्थांश वरण, वरणाच्या सोळाव्या हिश्शाइतकें मीठ व चौथ्या हिश्शाइतकें तूप अथवा तेल, स्त्रियांस पाऊण, मुलांस अर्धें. मग जनावरांचे, आणि त्यांत कुत्र्यांस प्रस्थौदन, व हंस, क्रौंच, मोर यांस अर्धा प्रस्थ असें सांगितलें आहे. मांसाचें तेथें नांव नाहीं.

येथें प्रस्थौदन या समासाकडे वाचकांचें लक्ष वेधतों. प्रस्थ हें माप आहे. चार प्रस्थांचा आढक व चार आढकांचा द्रोण. महसुलाच्या मापाचा द्रोण म्हणजे दोनशें पलें उडीद, असें कौटिल्यच अन्यत्र सांगतो. म्हणजे प्रस्थ साडेबारा पलांचा झाला. पलाचें वजन तीनशें वीस गुंजा धरिलें तर हा प्रस्थ आपल्या जुन्या अर्ध्या शेराच्या आसपास येतो. आतां प्रस्थौदन म्हणजे प्रस्थभर तांदळांचा भात, कीं शिजलेला भात प्रस्थभर? माणसांच्या बाबतींत ग्रंथकारानें तंडुल शब्द घातला आहे, कुत्र्यांच्या बाबतींत ओदन. भेद वरवर क्षुल्लक दिसतो. पण त्याच प्रकरणांत कोद्रव, वरक इत्यादि हलकें धान्य शिजून तिप्पट, व्रीहि चौपट व शालि पांचपट होतें असा हिशेब दिलेला असल्यामुळें, एका अर्थानें कुत्र्यास दुसऱ्या अर्थाच्या चौपट-पांचपट अन्न मिळतें.

माझा कल पहिल्या अर्थाकडे आहे, व त्याचें कारण व्याकरणांत नसून पोटांत आहे. आजच्या पोषणशास्त्राच्या मानानें अर्धा शेर तांदळांपासून सोळाशें-सतराशें उष्मांक मिळतात. साधारण तीस किलो वजनाच्या, फिरत्या कुत्र्याची दिवसाची भूक तेवढीच असते. उलट शिजलेला भात अर्धा शेर घेतला तर उष्मांक सहाशेंच भरतात. त्यावर गल्लींतलें पिल्लूं जगेल, राजाच्या शिकारीबरोबर धांवणारा कुत्रा जगणार नाहीं. ज्या ग्रंथकारानें वरणांतील मीठहि मोजून दिलें, तो सरकारी कुत्र्यांस उपाशी ठेवण्याचा दर बांधील हें संभवत नाहीं. कोठाराच्या दृष्टीनेंहि मोजावयाचे ते तांदूळ. शिजल्यावर माप घालणें आचाऱ्याच्या हातांत, आणि आचाऱ्याच्या हातीं माप देण्याइतका कौटिल्य भोळा नव्हता.

कोणी म्हणेल, भाताव्यतिरिक्त कुत्र्यास शिकारींतील वांटा मिळत असेलच. तो मिळतहि असेल. पण कोष्ठागाराच्या दरांत तो धरलेला नाहीं, हें महत्त्वाचें आहे. केवळ भातांत कस कमी. एकट्या त्यावर कुत्रा दीर्घकाळ धष्टपुष्ट राहावयाचा नाहीं. ही उणीव कशानें भरून निघे याचा एक धागा त्याच ग्रंथाच्या गोऽध्यक्ष प्रकरणांत आहे, आणि या दोन स्थळांची सांगड घातल्याशिवाय चित्र पुरें होत नाहीं.

त्या प्रकरणांत गुराख्यांचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. लुब्धक व श्वगणी, म्हणजे पारधी व कुत्र्यांचे कळप बाळगणारे, यांच्या साह्यानें रान चोर व श्वापदें यांपासून निर्भय करून घ्यावें; गुरूं मेलें तर खुणेसह कातडें सरकारांत भरावें; मांस ताजें अथवा सुकें विकावें; आणि उदश्वित् कुत्र्यांस व डुकरांस द्यावें. उदश्वित् म्हणजे पाणी घालून केलेलें ताक. हीं विधानें एकापाठोपाठ आलीं आहेत, आणि त्यांच्या क्रमांतच त्यांचा अर्थ सांठविलेला आहे. मेलेल्या गुराचें मांस गोठ्यांत उपलब्ध आहे, तें खाण्यास योग्य आहे, विकलेंहि जातें; तरी कुत्र्याच्या वांट्यास तें न येतां ताक येतें. हा अहिंसेचा प्रश्न मुळींच नव्हे. मांसाला बाजारांत दाम येतो, पाणचट ताकाला येत नाहीं. म्हणून मांस विक्रीस व ताक कुत्र्यास. श्वानांच्या निरामिष आहाराचा जो अगदीं जुना व्यावहारिक पुरावा आपणांजवळ आहे, त्याच्या मुळाशीं दया नसून हिशेब आहे, हें दोन्ही पक्षांनीं ध्यानांत घ्यावें.

हाच हिशेब, निराळ्या कारणासह, रोमन कृषिग्रंथांत दिसतो. व्हारोनें इसवी सनापूर्वीं ३७ सालीं लिहिलेल्या शेतीवरील ग्रंथाच्या दुसऱ्या भागांत धनगरी कुत्र्यांचें प्रकरण आहे. कुत्र्यास जवाची भाकरी दुधांत भिजवून घालावी, कारण त्या अन्नाची संवय लागलेला कुत्रा कळप सोडून जात नाहीं. हाडांचा कढ व फोडलेलीं हाडेंहि द्यावीं. परंतु मेलेल्या मेंढीचें मांस मात्र कदापि खाऊं देऊं नये, नाहीं तर चटक लागून तो जिवंत मेंढीवर तोंड टाकील, असें तो म्हणतो. पुढील शतकांतील कोलुमेला याच्या मतें जेथें गुरें आहेत तेथें जवाचें पीठ व दह्यादुधाचें पाणी सर्व कुत्र्यांस सारखेंच मानवतें. जेथें गुरें नाहींत, केवळ झाडबागा आहेत, तेथें गव्हाची भाकरी कडधान्य शिजविलेल्या पाण्यांत कालवून घालावी. मात्र तें पाणी कोमट असावें, कढत असल्यास कुत्रें पिसाळतें. शेवटची समजूत आज कोणी मानणार नाहीं. तथापि दूधहि न घालतां केवळ धान्य व कडधान्य यांवर कुत्रा पोसण्याची लेखी कृति म्हणून कोलुमेलाचें हें वाक्य आजच्या व्हीगन मंडळींनीं आपल्या दप्तरीं लावून ठेवण्यासारखें आहे. तोहि ती दयेपोटीं सांगत नाहीं. त्याच्या झाडबागेंत दूध नाहीं, एवढेंच कारण.

आपल्याकडील धनगरांचा कुत्रा पाहिला म्हणजे व्हारोचें प्रकरण वाचल्यासारखें वाटतें. ज्वारी-बाजरीची भाकरी, तिच्यावर ताक किंवा मेंढीचें दूध, हाच त्याचा शिधा. कळप राखणाऱ्या जनावरास कळपाच्या मांसाची गोडी लागूं न देणें, हा धंद्याचा नियम टायबरच्या कांठीं व नीरेच्या कांठीं सारखाच ठरला, त्यासाठीं एकानें दुसऱ्याचें पुस्तक वाचण्याची गरज नव्हती.

उलट पक्षाचा पुरावाहि लपवितां कामा नये. अबुल फज्लनें आइन-इ-अकबरींत पातशहाच्या कुत्र्यांचें लहानसें कलम घातलें आहे. अकबरास कुत्र्यांची आवड होती, काबूलकडील व हजारा प्रांताचीं उत्तम कुत्रीं येत, आणि खासगींतील कुत्र्यास रोज दोन शेर व इतरांस दीड शेर मांस मिळत असे. येथें धान्याचें नांव नाहीं. शिकारीचा थाट, बाहेरून आणलेलीं कुत्रीं आणि भरलेली तिजोरी असली म्हणजे कुत्र्यास मांस मिळतें, असा याचा निष्कर्ष. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासांतहि, जो इ. स. ११२९ च्या सुमारास रचला गेला, सारमेयविनोद म्हणून प्रकरण आहे. तेथें कुत्रा राजाच्या करमणुकीचा विषय आहे. शाहू छत्रपतींचा खंड्या कुत्रा तर महाराष्ट्रास सुपरिचितच. वाघापासून धन्यास वांचविल्याबद्दल त्यास जहागीर व पालखी मिळाल्याची कथा, त्यास भर दरबारांत जरीचीं वस्त्रें व दागिने घालून धन्याची पगडी चढविल्याची ग्रँट डफनें दिलेली हकीकत, आणि सातारा संगम माहुली येथील समाधि, हीं सर्व मानसन्मानाचीं साधनें आहेत. त्यांत ताटांत काय वाढलें जाई याचा विचार नाहीं, म्हणून तीं येथेंच सोडतों.

आतां दयामूलक निरामिष आहाराकडे वळूं. त्याची जन्मभूमि गुजराथ. राल्फ फिच हा इंग्रज व्यापारी इ. स. १५८३ मध्यें हुर्मुजास पकडला जाऊन गोव्यास आणला गेला, व पुढील वर्षीं तेथून निसटला. त्याच्या वृत्तांतांत खंबायतच्या लोकांबद्दल असें आहे कीं, ते कोणताच प्राणी मारीत नाहींत व मारूं देत नाहींत. शहरांत पांगळ्या कुत्र्यामांजरांसाठीं व पक्ष्यांसाठीं त्यांचे दवाखाने आहेत. मुंग्यांसहि ते खाद्य घालतात. या शेवटल्या विधानांत मुळांत 'मीट' असा शब्द आहे. त्या काळच्या इंग्रजींत त्याचा अर्थ कोणतेंहि अन्न असा होता. अलीकडच्या अर्थानें मांस समजून कोणी अनुवाद केल्यास जैन महाजनांच्या हातून मुंग्यांस मांस घालविण्याचा अनर्थ ओढवेल. या दवाखान्यांसच पुढें पांजरापोळ हें नांव सर्वत्र रूढ झालें. सुरतेच्या पांजरापोळाचें वर्णन तर येणाऱ्या जाणाऱ्या युरोपियनांपैकीं अनेकांनीं केलें आहे. व्यापारी मालावर बसविलेला लागा हें या संस्थांचें मुख्य उत्पन्न असे.

मुंबईच्या पांजरापोळाचा जन्म मात्र दंग्यांतून झाला. पिसाळलेल्या कुत्र्यांच्या भयानें मोकाट कुत्रीं ठराविक महिन्यांत मारण्याचा कंपनी सरकारचा नियम इ. स. १८१३ पासूनचा होता. १८३२ मध्यें त्याची उन्हाळ्याची मुदत १५ जूनपर्यंत वाढविण्यांत आली. दर कुत्र्यामागें आठ आणे मिळत असल्यामुळें शिपाई घरांच्या दारांतून व आवारांतूनहि कुत्रीं ओढून नेऊं लागले. ६ जून रोजीं, पारशांच्या पवित्र दिवशीं, कोटांत पारशांच्या जमावानें शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशीं दुकानें व बाजार बंद झाले, जैन व इतर हिंदु मिळाले, कुलाब्याच्या लष्करास जाणारा शिधासामग्रीचा पुरवठा अडविला गेला, आणि शेवटीं दंग्याचा कायदा वाचून व लष्कर आणून शांतता करावी लागली. पुढें जमशेटजी जिजीभाई प्रभृति शेटियांनीं सरकाराकडे अर्ज करून, कुत्रीं मारण्याऐवजीं दूर न्यावीं अशी मागणी केली. आणि १८३४ मध्यें जमशेटजी व जैन सावकार अमीचंद यांचें घराणें यांच्या पुढाकारानें भुलेश्वरास पांजरापोळ उभें राहिलें. जमशेटजी त्या वेळीं अद्याप 'सर' झालेले नव्हते. तो किताब १८४२ चा.

या भागीदारींत आहाराच्या दृष्टीनें एक मौज आहे. पारशांच्या वेंदिदादाचा तेरावा फर्गर्द बहुतेक सबंध कुत्र्याविषयीं आहे. धनगरी कुत्र्यास वाईट अन्न घालणें हें पहिल्या प्रतीच्या घरधन्यास वाईट अन्न वाढण्यासारखें पाप मानून त्यास दोनशें फटक्यांची शिक्षा सांगितली आहे, आणि कुत्र्याचें योग्य अन्न म्हणून दूध, स्निग्ध पदार्थ व त्यांसह मांस असा उल्लेख आहे. म्हणजे कुत्र्याच्या पोषणाचा कायदा करणाऱ्या या अतिप्राचीन ग्रंथांत मांस स्पष्ट घातलेलें आहे. हिंदुस्थानांतील पारशी घरांत मात्र जो प्रघात राहिला तो 'कुतरानो बूक', म्हणजे आपल्या जेवणांतील कांहीं घांस कुत्र्यासाठीं काढून ठेवण्याचा. त्याचें वर्णन जीवनजी जमशेटजी मोदी यांनीं आपल्या १९२२ च्या ग्रंथांत केलें आहे. पांजरापोळांत तर जैन भागीदाराच्या चुलीचाच नियम चालला. जेथें मुंगीसहि मारावयाचें नाहीं तेथें कुत्र्यासाठीं बकरें कापणें शक्यच नव्हतें. बाजरीचा रोटला व दूध हेंच तेथील श्वानान्न झालें. कुत्र्यासाठीं रस्त्यावर रक्त सांडण्यास निघालेल्या दोन समाजांपैकीं एकाचा धर्मग्रंथ त्यास मांस देतो, दुसऱ्याचा देऊं देत नाहीं, आणि दोघांनीं मिळून जी संस्था काढली तिच्यांत ग्रंथाचा अधिकार मागें पडून पाकशाळेचा पुढें झाला.

परंतु या संस्थेनें एक असा फरक घडवून आणला, कीं त्याच्याकडे वादी-प्रतिवादी दोघांचेंहि दुर्लक्ष झालेलें दिसतें. वैश्वदेवाचा बलि खाणारा, नामदेवांची भाकरी पळविणारा, गोऽध्यक्षाचें ताक पिणारा व धनगरामागें चालणारा, हे सर्व कुत्रे मोकळे होते. दिलेल्या अन्नांत जें उणें तें ते उंदीर, घूस, मेलेलें जनावर, उकिरडा यांवरून भरून काढीत. दात्याचें अन्न निरामिष होतें, कुत्र्याचा आहार नव्हता. या दोहोंत जमीनअस्मानाचें अंतर आहे, आणि जुन्या उल्लेखांवरून घाईनें अनुमान करणारे नेमके येथें घसरतात. पांजरापोळाच्या भिंतींत कुत्रा कोंडला गेला तेव्हां दात्याचें अन्न व कुत्र्याचा आहार हीं प्रथमच एक झालीं. त्या दिवसापासून त्या जनावरास काय मिळतें याची सर्व जबाबदारी कोंडणाऱ्यावर आली. दयेचें माप रोटल्याच्या संख्येनें न होतां त्याच्या कसानें होऊं लागलें. आजच्या शहरांतील गृहस्थाच्या सदनिकेंत सांखळीनें बांधलेल्या कुत्र्याची स्थिति याच जातीची आहे. इंग्लंड-वेल्समध्यें २००६ च्या कायद्यानें पाळलेल्या जनावरास योग्य आहार मिळेल असें पाहणें धन्याचें कर्तव्य ठरविलें. वेंदिदादांतील फटके वगळले तर तत्त्व तेंच.

हा प्रश्न अहमदाबादेस १९२६ मध्यें वेगळ्या रूपानें उभा राहिला. तेथील एका गिरणीमालकानें गिरणीच्या आवारांतील साठ भटकीं कुत्रीं मारविलीं, व जीवदयावाद्यांनीं गांधीजींस जाब विचारला. त्यावर 'यंग इंडिया' व 'नवजीवन' यांत गांधीजींनीं जी लेखमाला लिहिली, तिनें त्यांच्या अनेक अनुयायांस धक्का बसला. भटक्या कुत्र्यापुढें तुकडा टाकून निघून जाणें ही दया नसून दयेचा आभास आहे. पाळावयाचें तर धनी होऊन नीट पाळावें, नाहीं तर महाजनांनीं त्यांची व्यवस्था लावावी, असा त्यांचा आशय होता. श्वानबलीच्या परंपरेंत वाढलेल्या मनास हें बोलणें कठोर वाटलें यांत नवल नाहीं. माझ्या मतें मात्र बलि व पोषण यांतील जो भेद वर दाखविला, तोच गांधीजींनीं व्यवहाराच्या भाषेंत मांडला.

पहिल्या पक्षाच्या लांडग्याचाहि येथेंच परामर्श घेतों. स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनीं २०१३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या जनुकीय अभ्यासांत असें दिसून आलें कीं, पिष्ट पदार्थ पचविणाऱ्या अमायलेझ या पाचकद्रव्याच्या जनुकाच्या प्रती लांडग्यांत दोन असतात, तर कुत्र्यांत चारापासून तिसांपर्यंत. २०१६ मधील दुसऱ्या अभ्यासांत ही वाढ सुमारें सात हजार वर्षांपूर्वींच्या युरोपांतील कांहीं कुत्र्यांच्या अस्थींतहि आढळली. शेती करणाऱ्या माणसाच्या दारीं राहून कुत्र्याचें पोटच भाकरीस सरावलें, असा याचा अर्थ. तेव्हां धान्य ही आजची टूम नव्हे. मोहोंजोदडोच्या विटा भाजल्या जाण्यापूर्वींच कुत्र्यानें ती पत्करली होती. मात्र यावरून तो गाईसारखा झाला असेंहि ठरत नाहीं. त्याचे दांत व आंतडें अजून त्याच्या कुळाची साक्ष देतात, आणि पिष्ट पचविणें निराळें व पिष्टावरच पूर्ण पोषण होणें निराळें. आज कारखान्यांत तयार होणाऱ्या निरामिष श्वानखाद्यांत जीं सत्त्वें बाहेरून मिसळतात, तीं कौटिल्याच्या भातांत नव्हतीं. म्हणून त्या खाद्याच्या समर्थनार्थ कौटिल्यास पुढें करणें किंवा त्याच्या खंडनार्थ अकबरास पुढें करणें, दोन्हीं व्यर्थ.

दिलेलें अन्न व खाल्लेला आहार एक झाल्याचा पुरावा ज्या कागदांत मिळावयाचा, ते कागद पोथ्यांच्या मानानें फार हीन समजले जातात. पांजरापोळांच्या खातेवह्या, मग त्या गुजराथी वाणियाशाई अक्षरांत असोत कीं आपल्याकडील मोडींत, जागा अडते म्हणून रद्दींत जातात. ज्या संग्राहकांच्या हातीं अशा वह्या येतील त्यांनीं जमेच्या बाजूकडील देणगीदारांचीं नांवें उतरून घेऊन थांबूं नये. खर्चाच्या बाजूस बाजरी, दूध, ताक, गूळ व तेल यांच्या रकमा असतात. जनावरांची आवक व मृत्यु यांचे आंकडे बहुधा वेगळ्या वहींत असतात. दोन्ही वह्या एकाच सालच्या व एकाच ठिकाणच्या मिळाल्या, तर दर कुत्र्यामागें रोटले किती व त्यावर तो किती महिने जगला, हें त्रैराशिकानें निघतें. पुण्यानगरसारख्या देशावरील गांवांत गुजराथी व मारवाडी महाजनांनीं चालविलेलीं पांजरापोळें आहेत, आणि त्यांच्या चालकांचीं दप्तरें मुंबईच्या दप्तरांपेक्षां आपणांस जवळचीं आहेत. आरंभ तेथून करावा.